निवड न करणाऱ्या कॉलेजांचा गौरव

२३ जुलै १९९९ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून झेपावले. यानात ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण होती. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव तिला दिलेले आहे. मोहिमेचे नेतृत्व आयलीन कॉलिन्स यांच्याकडे होते आणि स्पेस शटलचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढे २००३ मध्ये हेच कोलंबिया परतीच्या वाटेवर नष्ट झाले. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी त्यात गेले. त्या आघातानंतर जुलै २००५ मध्ये शटल पुन्हा उडवायची वेळ आली, तेव्हा ‘डिस्कव्हरी’चे नेतृत्वही कॉलिन्स यांच्यावरच सोपवण्यात आले.

कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या लहानशा शहरात, गरीब कुटुंबांसाठी बांधलेल्या सरकारी घरात वाढल्या. विमान चालवायला शिकायचे म्हणून त्यांनी लहानमोठी कामे करून पैसे साठवले. बारावीनंतर त्या थेट मोठ्या विद्यापीठात गेल्या नाहीत. जवळच्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात त्यांनी गणित आणि विज्ञान घेऊन दोन वर्षांची पदवी मिळवली, ती १९७६ मध्ये. मग सिरॅक्यूज विद्यापीठात जाऊन १९७८ मध्ये पदवी पूर्ण केली आणि त्या हवाई दलात वैमानिक झाल्या. कॉर्निंगच्या त्या कॉलेजात आज एक खगोल वेधशाळा आहे. तिला आयलीन कॉलिन्स यांचे नाव दिले आहे.

माजी विद्यार्थ्यांचा गौरव जगभरच्या शिक्षणसंस्था करतात. तरीही अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या गौरवाकडे वेगळे पाहावे लागते. नामवंत विद्यापीठे हजारो अर्जांतून मोजके विद्यार्थी निवडतात. त्यांतला एखादा पुढे मोठा झाला, तर मुळातली निवड बरोबर होती एवढेच सिद्ध होते. कम्युनिटी कॉलेज कोणाला निवडत नाही. बारावी झालेला किंवा तिच्या तोडीची परीक्षा दिलेला कोणीही तिथे नाव घालू शकतो. त्यामुळे तिथला विद्यार्थी नावारूपाला आला की श्रेय शिकवणाऱ्यांचे, शिकणाऱ्याचे आणि दार उघडे ठेवणाऱ्या समाजाचे असते. ते प्रवेशपरीक्षेला देता येत नाही.

ही व्यवस्था मराठी वाचकाला थोडी अनोळखी आहे. आपल्याकडची आयटीआय, तंत्रनिकेतन आणि पदवीची पहिली दोन वर्षे एका छपराखाली आली, आणि त्यात संध्याकाळचे वर्गही आले, तर चित्र साधारण जुळेल. दोन वर्षांत ‘असोसिएट’ पदवी मिळते. ती घेऊन थेट नोकरीला लागता येते, किंवा चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शुल्क विद्यापीठांच्या मानाने फारच कमी असते आणि बहुतेक विद्यार्थी घरून ये-जा करतात. वर्गात अठरा वर्षांच्या मुलाशेजारी दोन मुलांची आई असते, सैन्यातून परतलेला जवान असतो, कारखाना बंद पडल्यावर नवे काम शिकायला आलेला पन्नाशीचा माणूस असतो.

असे पहिले सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ मध्ये सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि गावच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन या दोघांची ती कल्पना. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. आज अशी कॉलेजे हजारावर आहेत. मधल्या काळात दोन गोष्टींनी मोठा फरक पडला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला आणि वर्ग भरून गेले. मग १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने, सर्वांच्या आवाक्यातली दोन वर्षांची कॉलेजे देशभर उभारावीत अशी शिफारस केली. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला पक्के रूप दिले. गुणवत्तेत वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी एक विद्यापीठव्यवस्था, वरच्या एक तृतीयांशासाठी दुसरी, आणि सर्वांसाठी खुली कम्युनिटी कॉलेजे. आज त्या एका राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत.

एवढा पसारा असूनही या कॉलेजांच्या नावाला मान मात्र कमीच राहिला. कुठेच जमले नाही म्हणून तिथे गेला, असे लोक सहज म्हणतात. तिथून पुढे गेलेले विद्यार्थीही आपल्या परिचयात शेवटच्या विद्यापीठाचेच नाव लिहितात आणि आधीची दोन वर्षे गाळतात. तिथून मोठी माणसेही निघाली. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स या पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन, १९५० च्या मानकरी. त्या १९३६ मध्ये शिकागोच्या विल्सन ज्युनिअर कॉलेजातून (कम्युनिटी कॉलेजांचे हे जुने नाव) शिकून बाहेर पडल्या होत्या. १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे ब्रूस मेरिफिल्ड पॅसाडिना ज्युनिअर कॉलेजातून पुढे गेले. मानवी जनुकीय आराखडा उलगडण्याच्या शर्यतीतले क्रेग व्हेंटर व्हिएतनाममधून परतल्यावर आधी सॅन मटेओच्या कॉलेजात बसले. मोठ्या माणसांच्या ओळखीत अशा कॉलेजाचे नाव आले तर एका वाक्यात येते आणि पुष्कळदा येतच नाही.

माजी विद्यार्थ्यांचे पुरस्कार पहिल्यांदा हे मौन मोडतात. या कॉलेजांची राष्ट्रीय संघटना, अमेरिकन असोसिएशन ऑफ कम्युनिटी कॉलेजेस, आपल्या वार्षिक अधिवेशनात निवडक माजी विद्यार्थ्यांचा सन्मान करते. राज्याराज्यांच्या संघटनांचे स्वतःचे पुरस्कार आहेत. कित्येक कॉलेजे आपापला मानकरी-कक्ष (हॉल ऑफ फेम) चालवतात. तपशील ठिकाणोठिकाणी वेगळे असले तरी बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी पाहिल्या जातात. व्यवसायात या माणसाने काय उभे केले आणि आपल्या समाजासाठी काय केले? संघटनांच्या पुरस्कारांसाठी नाव सहसा कॉलेजच सुचवते. त्यासाठी त्याला आपल्या जुन्या नोंदी धुंडाळाव्या लागतात, आपल्याकडे कोण शिकून गेले ते शोधावे लागते. कायम कमी कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या या कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवण्याचे काम नेहमीच मागे पडते. पुरस्काराच्या निमित्ताने का होईना, ते होते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजात या विषयाशी जोडलेली एक जागा आहे. तिथे नदीकडे तोंड करून अर्धवर्तुळाकार स्तंभांची एक दगडी ओसरी उभी आहे. ‘हॉल ऑफ फेम फॉर ग्रेट अमेरिकन्स’ हे तिचे नाव. १९०१ मध्ये, म्हणजे जोलिएटचे कॉलेज निघाले त्याच वर्षी, ती खुली झाली. वास्तुकार स्टॅनफर्ड व्हाइट. वॉशिंग्टन, लिंकन, फ्रँकलिन, एडिसन अशा थोरांचे अर्धपुतळे तिथे ओळीने आहेत. थोर कोण हे ठरवायला रीतसर मतदान होत असे. हा परिसर तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठाचा होता. १९७३ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे विद्यापीठाने तो विकला आणि तिथे ब्राँक्स कम्युनिटी कॉलेज आले. त्याआधी तीनच वर्षे, १९७० मध्ये, न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने शहरातल्या प्रत्येक हायस्कूल उत्तीर्ण मुलाला प्रवेश देण्याचे धोरण घेतले होते. अशा रीतीने निवडक थोरांची ओसरी सर्वांना प्रवेश देणाऱ्या कॉलेजाच्या आवारात आली. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दोन सेनानींचे पुतळे २०१७ मध्ये तिथून हलवण्यात आले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

याच कॉलेजाचे माजी विद्यार्थी रिचर्ड कार्मोना. हार्लेममध्ये गरिबीत वाढलेला हा मुलगा शाळा अर्धवट सोडून सैन्यात गेला. व्हिएतनाममध्ये लढला, जखमी झाला. सैन्यात असतानाच त्याने हायस्कुलाच्या तोडीची परीक्षा दिली होती. परतल्यावर ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजाने त्याला घेतले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते शल्यचिकित्सक झाले आणि २००२ ते २००६ या काळात अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी अधिकारी, होते. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर शेजारी बसलेल्याला किती घातक असतो, याचा ठोस अहवाल २००६ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत निघाला. कार्मोनांसारख्या अर्जदाराला नावाजलेल्या कॉलेजाने पहिल्याच चाळणीत बाजूला केले असते.

फ्लोरिडाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. तिथल्या राज्य पातळीवरच्या माजी विद्यार्थी पुरस्काराला लिरॉय कॉलिन्स यांचे नाव आहे. अंतराळवीर कॉलिन्स यांच्याशी त्यांचा संबंध नाही. ते १९५५ ते १९६१ या काळात राज्याचे गव्हर्नर होते. १९५७ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत विधिमंडळाने राज्यभर ज्युनिअर कॉलेजांचे जाळे विणण्याची योजना मंजूर केली. कोणत्याही कुटुंबातल्या मुलाला घरून ये-जा करता येईल इतक्या अंतरावर कॉलेज असावे, हे त्या योजनेचे सूत्र होते. ती आखली जेम्स वॅटनबार्गर यांनी. तेही पाम बीच ज्युनिअर कॉलेजाचे माजी विद्यार्थी. १९३३ मध्ये महामंदीच्या काळात सुरू झालेले हे फ्लोरिडाचे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज. तिथे शिकलेल्या मुलाने आपल्या प्रबंधाचा विषय म्हणून हीच कॉलेजे निवडली आणि पुढे राज्यभर ती उभारण्याचे काम हाती घेतले. आज फ्लोरिडाच्या व्यवस्थेत २८ कॉलेजे आहेत. माजी विद्यार्थ्याने आपल्या संस्थेचे ऋण फेडल्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

पण १९५७ च्या फ्लोरिडात शाळा-कॉलेजे वर्णानुसार वेगळी होती. नव्या योजनेतही कृष्णवर्णीयांसाठी वेगळी ज्युनिअर कॉलेजे निघाली. पेन्साकोलाचे बुकर टी. वॉशिंग्टन ज्युनिअर कॉलेज त्याआधीच, १९४९ मध्ये, सुरू झाले होते. सेंट पीटर्सबर्गचे गिब्ज ज्युनिअर कॉलेज १९५७ मध्ये आले आणि काही वर्षांत अशी एकूण बारा झाली. अनेक कॉलेजे हायस्कुलांच्या इमारतींतच भरत. तरी तिथे शिक्षक जीव ओतून शिकवत आणि आजवर कॉलेजची पायरी न चढलेल्या घरांतली मुले तिथून शिकून बाहेर पडली. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर पुढच्या दोन-तीन वर्षांत ही बाराही कॉलेजे बंद झाली किंवा गोऱ्यांच्या कॉलेजांत विलीन झाली. वर्णभेद संपणे आवश्यकच होते. मात्र विलीनीकरणात तिथल्या बऱ्याच प्राचार्यांचे आणि शिक्षकांचे स्थान गेले, आणि कॉलेजांची नावे हळूहळू विस्मरणात गेली.

त्या नावांची नोंद ठेवली ती एका माजी विद्यार्थ्याने. गिब्ज ज्युनिअर कॉलेजात शिकलेले वॉल्टर स्मिथ पुढे फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, १९७७ ते १९८५. १९९४ मध्ये त्यांनी या बारा कॉलेजांचा इतिहास पुस्तकरूपात लिहिला. बंद पडलेल्या कॉलेजाला आपल्या माणसांना व्यासपीठावर बोलावता येत नाही, त्यामुळे इथे माजी विद्यार्थ्यानेच कॉलेजाचा गौरव केला. पुरस्कारांच्या याद्या पाहताना मला नेहमी ही बारा कॉलेजे आठवतात. ज्यांची संस्था उरली नाही, त्यांचे नाव कोण सुचवणार?

याच राज्यातले मायामी डेड कॉलेज १९६० मध्ये सुरू झाले. १९६१ मध्ये क्युबातून एदुआर्दो पाद्रोन नावाचा किशोरवयीन मुलगा आईवडिलांना मागे ठेवून, धाकट्या भावाबरोबर मायामीत आला. इंग्रजी जेमतेम येत होते. त्याच्या शिक्षणाला या कॉलेजाने सुरुवात करून दिली. पुढे तो अर्थशास्त्रात डॉक्टरेट होऊन तिथेच शिकवायला परतला आणि १९९५ ते २०१९ अशी चोवीस वर्षे त्या कॉलेजाचा अध्यक्ष राहिला. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी पाद्रोन यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिले. अमेरिकेचा हा सर्वोच्च नागरी सन्मान. त्यांच्या काळात मायामी डेड देशातल्या सर्वांत मोठ्या कॉलेजांपैकी एक झाले.

२०१५ च्या जानेवारीत ओबामांनी टेनेसीतल्या पेलिसिप्पी स्टेट कम्युनिटी कॉलेजात जाऊन, या कॉलेजांची दोन वर्षे मोफत करण्याची योजना मांडली. त्याच महिन्यात अभिनेते टॉम हँक्स यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून, कॅलिफोर्नियातल्या शॅबो या कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षे आपल्याला कशी घडवून गेली हे सांगितले. राष्ट्रीय योजना अमेरिकी काँग्रेसमध्ये मंजूर झाली नाही. टेनेसीने मात्र स्वतःची योजना आधीच, २०१४ मध्ये, मंजूर केली होती आणि तिथे ती राबवलीही गेली. सरकारी अनुदानावर जगणाऱ्या संस्थेसाठी माजी विद्यार्थ्याची उघड साक्ष किती मोलाची असते, हे अशा वेळी दिसते. आमदारांकडे अनुदान मागताना आकडेवारीच्या कागदासोबत एखादी नर्स किंवा न्यायाधीश येऊन ‘मी इथली’ असे म्हणाली तर ऐकणारा जास्त नीट ऐकतो.

नर्सचा उल्लेख सहज केलेला नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग शिक्षणाचा मोठा भाग याच कॉलेजांत होतो. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मिल्ड्रेड माँटॅग यांनी दोन वर्षांत नर्स तयार करण्याचा अभ्यासक्रम काही कॉलेजांत प्रयोग म्हणून सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर दवाखान्यांत नर्सेस पुरत नव्हत्या. प्रयोग यशस्वी झाला आणि देशभर पसरला. अग्निशामक जवान, पोलीस, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, दंतचिकित्सेतले सहायक, विजेची आणि वातानुकूलनाची कामे करणारे कारागीर यांतलेही बरेच जण याच वाटेने येतात. आणि शिकून ते दूर जात नाहीत, कॉलेजच्या आसपास राहतात. तालुक्यातल्या माणसाला रात्री छातीत कळ आली तर त्याच्या दारात पोहोचणारा बहुधा तिथल्याच कॉलेजात शिकलेला असतो.

म्हणून मला वाटते की या पुरस्कारांतला सेवेचा निकष यशाच्या निकषापेक्षा वजनदार मानायला हवा. अंतराळवीर आणि नोबेलविजेते यांची नावे भिंतीवर हवीतच, कारण ती पाहून मुलाला पुढचा रस्ता दिसतो. पण कम्युनिटी कॉलेज ज्या कामासाठी निघाले ते काम कॉलेजाभोवतालच्या लोकांचे आहे. तीस वर्षे एकाच रुग्णालयात रात्रपाळी करून नव्या नर्सेसना शिकवणारी बाई, तुरुंगातून सुटलेल्यांना वेल्डिंग शिकवणारा कारागीर, हे त्या कामाचे खरे फळ. निवड समित्यांनी अशा लोकांची नावे मुद्दाम शोधून काढायला हवीत. ते स्वतःहून अर्ज करत नाहीत.

गौरवसमारंभात एक धोकाही असतो. व्यासपीठावरच्या चार-पाच जणांकडे पाहून बाकी सर्वांचे छानच चालले आहे असा समज होतो. तसे नाही. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. प्रत्यक्षात सहा वर्षांत सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी विद्यापीठात जातात आणि त्यांतले निम्मेच पदवी पूर्ण करतात, म्हणजे एकूण साधारण सहांतला एक. कारणे बुद्धीशी फारशी संबंधित नसतात. नोकरीची पाळी बदलते, गाडी बिघडते, मूल आजारी पडते. आधी घेतलेले विषय नवे विद्यापीठ मान्य करत नाही आणि तेच पुन्हा शिकावे लागतात. ज्याने या सगळ्यातून पदवी काढली त्याचा सन्मान करणे योग्यच, पण ज्या अडथळ्यांवर त्याने मात केली ते तसेच ठेवून फक्त टाळ्या वाजवणे योग्य नाही.

यावर एक चांगला उपाय अमेरिकेनेच शोधला आहे. २०११ पासून ॲस्पेन इन्स्टिट्यूट ही संस्था कम्युनिटी कॉलेजांसाठी एक पुरस्कार देते. त्याची रक्कम दहा लाख डॉलरच्या घरात असते. त्यात किती जणांनी शिक्षण पूर्ण केले, किती जण पुढे जाऊन पदवीधर झाले, बाहेर पडलेल्यांना कामाचा मोबदला काय मिळतो आणि गरीब व अल्पसंख्य विद्यार्थ्यांचे काय झाले, हे पाहिले जाते. पहिला मान फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या व्हॅलेन्शिया कॉलेजाला मिळाला. तिथून असोसिएट पदवी घेणाऱ्याला शेजारच्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात प्रवेशाची हमी असते. त्यामुळे विषय वाया जाण्याचा मोठा प्रश्न सुटतो. एका माणसाचा गौरव आणि हा सर्वांच्या प्रगतीचा हिशेब या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालल्या पाहिजेत.

भारतात कम्युनिटी कॉलेजाचे हे प्रतिमान १९९५ मध्ये पुदुच्चेरी विद्यापीठाने पहिल्यांदा आणले. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरच्या कॉलेजांना कम्युनिटी कॉलेज चालवायला मदत दिली, त्यात महाराष्ट्रातली कॉलेजेही होती. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट बहुजनांच्या मुलांना दाखवली, ती याच विचारातून. उणीव आहे ती गौरवाची. आपल्या आयटीआयच्या, तंत्रनिकेतनांच्या आणि मुक्त विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची साधी यादीही बहुतेक ठिकाणी कोणाकडे नसते.

तुमच्या तालुक्याच्या आयटीआयचे किंवा कॉलेजचे पुढचे स्नेहसंमेलन कधी आहे ते विचारा आणि प्रमुख पाहुणे म्हणून तिथेच शिकलेल्या एखाद्या परिचारिकेचे किंवा लाइनमनचे नाव प्राचार्यांना लेखी सुचवा.